गावभागातले अडीच गुंठे, सोळा फुटी गल्ली आणि बिल्डरचा 'स्टिल्ट प्लस पाच'

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत गावभागात आजोबांच्या वेळचं घर, जागा अडीच गुंठे, रुंदी तीस फूट आणि बाकी सगळी आत लांबी, समोर १५-१६ फुटाची गल्ली. बिल्डर म्हणतोय एफएसआय (जागेच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) तीनच्या वर मिळतो, स्टिल्ट प्लस पाच (खाली नुसत्या कॉलमवर पार्किंग, वर पाच मजले) उभी करतो, निम्मं तुमचं. घरच्यांना वाटतंय हे खरंच होतंय का, आणि नसेल होत तर शेजारच्या गल्लीत पाच मजली कशी झाली?

मी बांधकाम परवानगीचं काम करतो, नकाशे करायचे, सबमिट करायचे, साइटवर उभं राहायचं, जास्त करून सांगली-मिरज आणि अधूनमधून सातारा. तर सरळ सांगतो, बिल्डर खोटं बोलतोय असं नाही, पण तो ज्या आकड्यावर बोलतोय तो आकडा तुमच्या गल्लीचा नाही. तो नऊ मीटर रस्त्याचा आकडा आहे.

डिसेंबर २०२० पासून आपल्याकडे युडीसीपीआर लागू आहे, म्हणजे मुंबई महापालिका आणि असे थोडे अपवाद सोडून अख्ख्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली. त्यात दाटवस्ती, म्हणजे विकास आराखड्यात जुन्या गावठाणाभोवती जी हद्द आखलेली असते ती, आणि त्याच्या बाहेरचा भाग असे दोन वेगळे हिशोब आहेत. बाहेर, समजा विश्रामबागला, बेसिक एफएसआय १.१०. दाटवस्तीत समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर १.५० आणि ९ मीटर किंवा वर असेल तर २.००. त्याच्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) घ्यायची सोय पण ९ मीटर आणि पुढच्या रस्त्यालाच आहे, खाली नाही. लोकांना वाटतं प्लॉट किती मोठा त्याच्यावर मजले ठरतात, पण गावठाणात आधी गल्ली बघायची, मग प्लॉट.

आता बिल्डरचे 'तीन' कुठून आले ते बघा. पूर्वी बाल्कनी, जिना, पॅसेज असलं बरंच काही एफएसआयच्या बाहेर असायचं, काही फुकट काही प्रीमियम भरून. आता पी-लाईन आली, म्हणजे बाहेरच्या कडेने रेघ मारायची आणि आतलं सगळं मोजायचं, बाल्कनी धरून. त्याची भरपाई म्हणून राहत्या वापराला ६० टक्के आणि दुकान-ऑफिसला ८० टक्के ॲन्सिलरी, म्हणजे जोडीचा, एफएसआय मिळतो, रेडी रेकनरच्या (सरकारी) जमीन दरावर प्रीमियम भरून. म्हणजे २ गुणिले १.६ केलं की ३.२ येतात. हे झाले त्याचे तीनच्या वर. पण तुमच्या गल्लीला १.५ गुणिले १.६, म्हणजे २.४. अडीच गुंठे म्हणजे २५३ चौरस मीटर धरा. त्याच्या हिशोबाने ८१० चौरस मीटर होतात, तुमच्या गल्लीच्या हिशोबाने ६०७. फरक दोनशे चौरस मीटरचा, जवळपास २,२०० स्क्वेअर फूट, आणि तो पाचवा मजला तिथेच हवेत आहे.

गल्ली नऊ मीटरची करता येते का, तर कागदावर वाट आहे. महापालिकेने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली तुमच्या गल्लीची रस्तारेषा नऊ मीटरची आखलेली असेल, किंवा विकास आराखड्यातच रुंदीकरण दाखवलेलं असेल, तर तुमच्या वाटणीची पट्टी सोडून ताबा दिला की नऊ मीटरचा फायदा धरता येतो. सोळा फूट म्हणजे साधारण ४.९ मीटर, नऊला ४.१ कमी, दोन्ही बाजूंनी निम्मं निम्मं म्हणजे तुमच्याकडून दोन मीटर जाणार, तीस फूट रुंदीवर दोनशे स्क्वेअर फूट. त्याच्या बदल्यात एफएसआय किंवा टीडीआर मिळतो, त्यामुळे ते वायाच जातं असं नाही. पण रेषा आखलेलीच नसेल तर बिल्डरने तोंडी कितीही सांगू दे, नगररचना विभाग तुमची फाईल १.५ वरच बघणार. म्हणून पहिलं काम, नगररचना विभागात अर्ज करून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या आणि लेखी विचारा की आमच्या सिटी सर्व्हे नंबरसमोर मंजूर रस्तारेषा किती मीटरची आहे. बिल्डरशी पुढची बैठक हा कागद हातात आल्यावर करा. आणि हो, तुम्ही पट्टी सोडली म्हणून गल्ली लगेच रुंद होत नाही, तुमच्या दारात तेवढा खिसा तयार होतो आणि त्यात अख्ख्या गल्लीच्या मोटारसायकली लागतात, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता नकाशा करतानाच मालकाला सांगून ठेवतो.

गल्ली टेपने मोजा, अंदाजाने नको. कट्टा, पायरी, गटारीवरची फरशी ही गल्ली नाही आणि घराची जागा पण नाही बऱ्याचदा, सिटी सर्व्हेच्या नकाशात हद्द कुठे आहे तिथून समोरच्या हद्दीपर्यंत मोजायचं. तुम्ही १५-१६ म्हणताय म्हणून मुद्दाम सांगतो, ४.५ मीटर म्हणजे पावणेपंधरा फूट. गल्ली त्याच्या खाली निघाली तर गल्लीच्या मध्यापासून सव्वादोन मीटर सोडूनच बांधकाम सुरू करायचं आणि त्या पट्टीवर छज्जा-बाल्कनी काही काढता येत नाही. जुनं घर जिथे होतं तिथेच नवीन उभं करू असं जे सगळे धरून चालतात ते तिथे बसत नाही.

आता एफएसआय बाजूला ठेवा आणि तीस फूट रुंदीत इमारत बसवून बघा, कारण खरी गंमत इथे आहे. दोन्ही बाजूला खिडक्या हव्यात, हवा हवी, म्हणून मीटर-मीटरभर सोडलं तर इमारत सात मीटर रुंद. लांबी पुढचं मागचं सोडून समजा बावीस मीटर. एका मजल्याला १५४ चौरस मीटर. ६०७ ला १५४ ने भागलं की चार मजले येतात, म्हणजे कागदावर स्टिल्ट प्लस चार. पण खाली पार्किंग बसवून दाखवा की! एका गाडीला अडीच बाय पाच मीटर. सात मीटरच्या रुंदीत गाडी आडवी लावली तर पुढे दोन मीटर उरतात, त्यात वळणच नाही. उभी लावली तर एका बाजूला रांग आणि दुसऱ्या बाजूने जायची वाट, त्यात मध्ये जिना आणि लिफ्ट, आणि कॉलम जिथे नको तिथे येणारच. तीन गाड्या बसतात, ओढूनताणून चार, आणि आतल्या माणसाला सकाळी निघायचं तर पुढच्या दोघांना उठवायला लागतं. पार्किंगचा नियम फ्लॅटच्या कारपेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या क्षेत्रफळावर आहे, मोठे फ्लॅट केले की गाड्या वाढतात, छोटे केले की फ्लॅटची संख्या वाढून स्कूटर वाढतात. मेकॅनिकल पार्किंगला नियम परवानगी देतो, पण पूर येणाऱ्या भागात खड्ड्यातलं यंत्र कोण सांभाळणार, मी तरी गावभागात सुचवत नाही. त्यामुळे माझ्या मते तुमच्या जागेवर एकट्याने स्टिल्ट प्लस तीन व्यवस्थित होते, चौथा ओढून बसतो, पाचवा विसरा. पाचव्याने अजून एक होतं, उंची १५ मीटरच्या पलीकडे जाते आणि नॅशनल बिल्डिंग कोड तिथून पुढे इमारतीला हायराईज धरतो, अग्निशमनाची यादी लांबते, आणि सोळा फुटाच्या गल्लीत, समोर कुणाची चारचाकी लागलेली असताना, बंब आत आणायचा कसा याचं उत्तर नकाशात नसतं.

पुराचं तुम्ही प्रश्नात लिहिलंच नाही, आणि गावभागात तोच मोठा विषय आहे. २००५, २०१९, २०२१. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ती खूण भिंतीवर असेल अजून, रंग दिला नसेल तर. जलसंपदा विभागाच्या दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदीकाठ ते निळी रेषा यात नवीन बांधकाम बंद, पार्किंग, मोकळी बाग असलं थोडंफार चालतं. निळी ते लाल यात बांधता येतं पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर पाहिजे. आणि एक महत्त्वाची सवलत, निळ्या रेषेच्या आत आधीचं अधिकृत घर असेल तर त्याचा पुनर्विकास जलसंपदाच्या ना हरकतीने करता येतो, तीच दीड फुटाची अट घालून.

यातला 'अधिकृत' शब्द नीट वाचा. जुन्या घरांचे मंजूर नकाशे कुणाकडे आहेत? मग अधिकृत कशावरून दाखवायचं, तर प्रॉपर्टी कार्ड, जुनी घरपट्टी, असेसमेंटचा उतारा, सिटी सर्व्हेच्या नकाशात दाखवलेलं बांधकाम, फोटो. बिल्डर बऱ्याचदा म्हणतात घर आधी पाडून द्या, जागा मोकळी दिसली की बँक पण पैसे देते, मोजणी पण सोपी जाते. अजिबात पाडायचं नाही! पूररेषेत जागा येते का, आली तर कुठल्या पट्ट्यात, हे कळेपर्यंत एक कौल काढू नका. निळ्या रेषेच्या आत घर पाडून बसलात आणि कागद अपुरे पडले की तुमच्याकडे पुनर्विकासाचं प्रकरण राहत नाही, मोकळा प्लॉट राहतो, आणि मोकळ्या प्लॉटवर तिथे काही होत नाही. पाडण्याआधी आतून-बाहेरून मोजमाप घेऊन जुन्या घराचा नकाशा इंजिनिअरकडून करून घ्या, तारखेचे फोटो काढा, महापालिकेकडून पाडायच्या आधी पाहणी करून घेता आली तर उत्तमच.

लाल रेषेची पातळी तुमच्या जागेवर जमिनीपासून किती वर येते ते मोजणीवाल्याकडून काढून घ्या, कारण मग स्टिल्टची उंची त्यावर ठरते. वीज मीटर स्टिल्टमध्ये भिंतीला लावायची सवय आहे सगळ्यांना, तुम्ही ते पहिल्या अर्ध्या जिन्यावर घ्यायला लावा. जमिनीतली पाण्याची टाकी असेल तर तिचं झाकण आणि व्हेंट पाण्यात जाणार नाही असं, नाहीतर पूर ओसरल्यावर आठवडाभर टँकर. लिफ्टचा खड्डा शक्य तितका उथळ. या गोष्टी नियमात शोधायला जाऊ नका, करारात लिहून घ्या.

स्टिल्टबद्दल आणखी एक, स्ट्रक्चरल इंजिनिअरला हे सांगायची गरज नसते पण मालकाला असते. खाली नुसते कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशा इमारती २००१ च्या भूकंपात अहमदाबादमध्ये बसल्या, आणि आपल्याला कोयना काही लांब नाही. स्टिल्टचे कॉलम जाड लागतात, काही ठिकाणी जमिनीपासून भिंत काँक्रीटची लागते आणि ती नेमकी गाडीच्या जागेत येते. बिल्डर म्हणाला नऊ इंची कॉलममध्ये बसवतो तर उठून यायचं.

पाया आणि शेजारी. दोन्ही बाजूला जुनी घरं असतील तर बहुतेक पांढऱ्या मातीच्या भिंती, काही ठिकाणी सामाईक. तुमचा पाया त्यांच्या पायापेक्षा खोल जाणार, सांगलीची काळी माती, ओली झाली की फुगते सुकली की भेगा. अख्खी बाजू एकदम उकरली की शेजारच्याची भिंत खाली येते, आणि ती पावसाळ्यातच येते. दीड-दोन मीटरचे तुकडे सोडून सोडून खोदायचे, एक भरून झाला की मधला, आणि हे काम दिवाळीनंतर सुरू करून मेच्या आत जमिनीच्या वर यायचं. हद्दीवरचा फुटिंग (कॉलमखालचा पाया) शेजाऱ्याच्या जागेत जाऊ शकत नाही म्हणून तो आतल्या कॉलमला बीमने जोडावा लागतो, त्याला लोखंड जास्त, खर्च जास्त. कोटेशनमध्ये हे धरलंय का विचारा. आणि खोदायच्या आधी शेजाऱ्यांच्या घरातल्या आधीच्या भेगांचे फोटो त्यांच्यासमोर काढा.

मला विचाराल तर या जागेचं खरं उत्तर शेजाऱ्यात आहे. त्यांचे पण अडीच-तीन गुंठे असतील आणि घर तेवढंच जुनं असेल तर एकत्रीकरण करा. साठ फूट रुंदी झाली की खाली मध्ये गाड्यांची वाट आणि दोन्ही बाजूंना पार्किंग बसतं, एकच जिना एकच लिफ्ट दोघांना, मधली दोन मार्जिनं वाचतात, सामाईक भिंतीचं भांडण पण मिटतं. एफएसआयचा दर तोच राहतो पण जो मिळतो तो पूर्ण वापरता येतो, एकट्या प्लॉटला मिळूनही बसत नाही. अडचण एवढीच की दोन घरं म्हणजे दोन्हीकडचे सगळे वारस. पुण्याचा काका, कऱ्हाडची आत्या, अमेरिकेतला चुलतभाऊ. प्रॉपर्टी कार्डवर आजोबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद, मग कोण हक्कसोड देणार कोण फ्लॅट घेणार ते ठरवा, आणि आत्याला शेवटी सहीपुरतं बोलवू नका, पहिल्या बैठकीला बोलवा. माझ्याकडच्या निम्म्या फाईली नियमाने अडत नाहीत, सहीने अडतात. भाडेकरू असेल, पुढच्या खोलीत दुकान असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागतो, त्याला नवीन इमारतीत काय देणार ते आधी लिहून ठरवा. जुन्या भाडेकरू इमारतींच्या पुनर्विकासाला युडीसीपीआरमध्ये वेगळी तरतूद आहे, भाडेकरू रीतसर असतील तर तो फायदा बिल्डरला माहीत असतो आणि तुम्हाला तो सांगतोच असं नाही. ३० टक्के जादा एफएसआय किंवा प्रत्येक घरामागे १५ चौरस मीटर जे जास्त ते, असं जे ऐकायला मिळतं ते ३० वर्षांच्या जुन्या अपार्टमेंट-सोसायट्यांचं आहे, तुमच्या एका कुटुंबाच्या घराला ते लावू नका. तसंच गुंठेवारी. कुणीतरी नातेवाईक म्हणणारच की गुंठेवारीत करून घेऊ, पण तो २००१ चा कायदा विनापरवाना पाडलेल्या प्लॉटसाठी आहे, सिटी सर्व्हेतल्या गावभागाच्या घराशी त्याचा संबंध नाही.

साताऱ्याहून पण असेच प्रश्न येतात म्हणून दोन ओळी. तिथे नगरपरिषद आहे, नियमावली हीच, पेठांमधल्या गल्ल्यांना रस्त्याच्या रुंदीचा हिशोब हाच, फक्त पुराच्या जागी उतार. अजिंक्यताऱ्याच्या बाजूला जमीन १:५ पेक्षा जास्त चढाची असेल तर तिथे बांधकाम बसत नाही, प्लॉट विकणारा कितीही सपाट करून दाखवू दे.

करारात टक्के नको. 'निम्मं' म्हणजे कशाचं निम्मं? ६०७ चौरस मीटर पी-लाईनमधून जिना, लिफ्ट, भिंती गेल्या की बाल्कनी धरून कारपेट माझ्या अंदाजाने पावणेपाच ते पाच हजार स्क्वेअर फूट, ते पण चारही मजले बसले तर. त्याचं निम्मं आणि त्याने तुमच्या डोक्यात घातलेलं निम्मं यात दोन फ्लॅटचा फरक पडतो. म्हणून कारपेट स्क्वेअर फुटात, कुठला मजला, कुठली बाजू, पार्किंग नंबर, आणि मंजुरी कमी आली तर कमी कुणाच्या वाट्याचं होणार, हे सगळं नोंदणीकृत विकसन करारात. कुलमुखत्यारपत्र देताना गहाण ठेवायचा आणि तुमच्या वाट्याचे फ्लॅट विकायचा अधिकार देऊ नका. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा ८ पर्यंत फ्लॅट असतील तर महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागत नाही, म्हणजे तुमचं एकट्याचं काम महारेराच्या बाहेर राहतं आणि तुमचं संरक्षण फक्त करार. शेजाऱ्याचे अडीच गुंठे जोडले तर ५०६ चौरस मीटर होतात, आणि फ्लॅट आठाच्या वर गेले की नोंदणी आली, बिल्डर यावर कुरकुरतात पण तुमच्या फायद्याचंच आहे ते. एक लक्षात ठेवा, तिथे फ्लॅटच्या बदल्यात जागा देणारा मालक पण प्रमोटर, म्हणजे बिल्डरसारखाच, धरला जातो.

परवानगी आली की बांधकाम प्रमाणपत्र एक वर्षाचं असतं, दरवर्षी वाढवत एकूण चार वर्षं. तेवढ्यात इमारत उभी राहील असा बिल्डर निवडा. जोते तपासणी झाल्याशिवाय वरचं काम करू देऊ नका, तिथेच अर्धा फूट इकडे-तिकडे सरकलेलं सापडतं.

राहिली शेजारच्या गल्लीतली पाच मजली. ती कशी झाली हे बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण कारणं ठरलेली असतात. तिची एक बाजू मोठ्या रस्त्याला लागत असेल, दोन-तीन मिळकती एकत्र केल्या असतील, २०२० च्या आधीच्या नियमावलीत मंजूर झाली असेल जेव्हा बाल्कनी-जिना वेगळे मोजायचे, किंवा मंजुरी तीनची आणि बांधले पाच. माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखल्याची (इमारत वापरायला योग्य झाली असा महापालिकेचा दाखला) प्रत मागा. भोगवटा दाखलाच निघाला नाही, किंवा निघाला तो तिसऱ्या मजल्यापर्यंतचा, तर वरच्या दोन मजल्यांवर एमआरटीपी (नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस कधीही येऊ शकते आणि तिथे फ्लॅट घेतलेल्यांना बँक टॉप-अप पण देत नाही. बिल्डरने तुम्हाला नमुना म्हणून तीच इमारत दाखवली असेल तर त्याच्याकडूनच तिचा भोगवटा दाखला मागून घ्या.